‘टेल’ म्हणजे सांगणे, ओळखणे की मोजणे?

प्रश्न : अमळनेरची इंग्रजी शिक्षिका

नमस्कार. मी अमळनेर तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवते. गेल्या आठवड्यात वडिलांबरोबर बँकेत गेले असताना रोख रक्कम देणाऱ्या खिडकीवर मराठी अक्षरांत ‘टेलर’ अशी पाटी दिसली. वडिलांनी ती दोनदा वाचली आणि अगदी गंभीरपणे विचारले, ‘‘बँकेने शिंपी कशाला बसवला?’’ हा टेलर वेगळा, एवढे म्हणून मी वेळ मारून नेली; परंतु वेगळा म्हणजे कसा, असे त्यांनी रिक्षात बसल्यावर पुन्हा विचारले तेव्हा माझ्याजवळ उत्तर नव्हते. ‘टेल’ म्हणजे सांगणे, हे मी वर्षानुवर्षे मुलांना शिकवत आले आहे. मग दिवसभर खाली मान घालून नोटा मोजणारा माणूस कोणाला काय सांगतो, म्हणून त्याला हे नाव मिळाले?

घरी आल्यावर लक्षात आले, की हा घोळ केवळ पाटीपुरता नाही. मागे मी दहावीच्या वर्गाला काही वाक्ये भाषांतरासाठी दिली होती आणि त्यांतील निम्म्या वाक्यांत ‘सांगणे’ हा अर्थ लावला की वाक्याचा पार विचका होत होता. ‘आय कॅनॉट टेल वन ट्विन फ्रॉम द अदर’ याचे भाषांतर एका मुलीने ‘मी एका जुळ्याकडून दुसऱ्याला सांगू शकत नाही’ असे केले. ‘द हीट बिगॅन टु टेल ऑन हिम’ याचे ‘उष्णता त्याच्यावर सांगू लागली’ असे झाले. ‘अनटोल्ड वेल्थ’ याचे उत्तर बहुतेकांनी ‘न सांगितलेली संपत्ती’ असे लिहिले होते आणि एका चतुर मुलाने पुढे कंसात ‘आयकर खात्याला’ अशी भर घातली होती. त्याला मी शून्य गुण दिले, पण शून्य का, हे नीट समजावता आले नाही.

याशिवाय ‘ही टोल्ड टू मी’ आणि ‘ही सेड मी’ या दोन चुका माझ्या वर्गातून काही केल्या जात नाहीत. नियम फळ्यावर लिहून झाला, पाठ करून घेऊन झाला, तरी वहीत चूक ती चूकच. म्हणून जाणकारांना विचारते, की या सगळ्या अर्थांना जोडणारे काही सूत्र आहे का, की प्रत्येक प्रयोग वेगळा मानून घोकण्यावाचून गत्यंतर नाही?


उत्तर : निवृत्त रोखपाल, धुळे

ताई, आपल्या वडिलांचा प्रश्न वाचून मनापासून हसलो आणि मग थोडा ओशाळलोही, कारण त्याच पाटीखाली माझ्या नोकरीची अकरा वर्षे गेली आणि हा प्रश्न मला स्वतःला कधी पडला नव्हता. तो पडला एका प्रशिक्षणवर्गात. तेथील व्याख्यात्यांनी सांगितले, की जुन्या इंग्रजीत ‘टेल’ या क्रियापदाचा एक मुख्य अर्थ मोजणे हाच होता. म्हणजे बँकेतला टेलर हा सांगणारा नव्हे, मोजणारा आहे. ‘टेल’चा हा अर्थ इंग्रजीच्या रोजच्या बोलण्यातून जवळजवळ पुसला गेला, पण पैशाच्या खिडकीवर तो शिल्लक राहिला. आपल्याकडे पायली आणि शेर बाजारातून गेले, तरी म्हणींत आणि माणसांच्या तोंडी राहिलेच ना, तसेच हे समजावे.

आज आपण ज्याला नुसते एटीएम म्हणतो, त्यातला मधला ‘टी’ म्हणजे हाच टेलर होय. ऑटोमेटेड टेलर मशीन, म्हणजे आपले आपण मोजून देणारे यंत्र. बार्कलेज बँकेने लंडनच्या उत्तरेकडील एन्फिल्ड येथे २७ जून १९६७ रोजी असे पहिले यंत्र बसवले आणि भारतात ते १९८७ साली मुंबईत आले. आता गंमत पाहा, की या यंत्राला पुढे बोलताही येऊ लागले, पण त्याचे नाव बोलण्यावरून पडलेले नाही, ते नोटा मोजण्यावरूनच पडले आहे.

ब्रिटनच्या संसदेतही टेलर असतात. हाऊस ऑफ कॉमन्समध्ये मतविभागणी झाली, की सदस्य दोन वेगवेगळ्या दालनांतून जातात आणि त्यांची मोजदाद करण्यासाठी दोन्ही बाजूंचे प्रत्येकी दोन, असे चार सदस्य नेमतात. त्यांना टेलर्सच म्हणतात. ‘ऑल टोल्ड’ हा वाक्प्रचारही मोजणीतलाच आहे. ‘देअर वेअर ट्वेल्व्ह ऑफ अस, ऑल टोल्ड’ म्हणजे ‘सगळे मिळून आम्ही बारा जण होतो’. येथे कोणी कोणाला काहीही सांगितलेले नाही.

आपण ‘खाली मान घालून’ असे लिहिले आहे, त्याबद्दल मात्र माझी एक तक्रार नोंदवतो. शंभर नोटांची गड्डी हाताने मोजताना मान खाली असली, तरी ओठ हलत असतात. यंत्रे येण्यापूर्वी आमच्या शाखेतील प्रत्येकाची मोजण्याची लकब निराळी होती; कोणी पुटपुटत असे, कोणी प्रत्येक दहाव्या नोटेला मान हलवत असे, आणि ग्राहकाने मध्येच ‘‘साहेब, पासबुक कुठे भरायचे?’’ असे विचारले, की पहिल्यापासून सुरुवात करावी लागे. मोजून झाल्यावर आकडा मोठ्याने सांगितल्याशिवाय रक्कम खिडकीबाहेर द्यायची नाही, हा आमच्या वरिष्ठांचा दंडक होता. त्यामुळे मोजणे आणि सांगणे ही दोन कामे मला तरी फारशी दूरची वाटत नाहीत. ‘रिटेल’ हा दुकानदारीतला शब्दही याच मोजणीतून आला असावा, असा माझा तर्क आहे. जाणकारांनी चुकत असल्यास दुरुस्त करावे.


उत्तर : जळगावचा भाषाभ्यासक

रोखपाल साहेबांनी मुख्य गाठ सोडवली आहे. ‘रिटेल’चा तर्क तेवढा मागे घ्यावा लागेल. तो शब्द शिंप्याच्या घराण्यातला आहे. कपडे शिवणारा ‘टेलर’ फ्रेंचमधील कापणे या अर्थाच्या क्रियापदापासून आला, आणि ‘रिटेल’ म्हणजे मुळात पुन्हा कापून तुकड्या-तुकड्याने विकणे. तागा फाडून कटपीस विकणारा दुकानदार डोळ्यांपुढे आणला, की शिंपी आणि किरकोळ विक्री यांचे नाते लगेच पटते. ‘डिटेल’ हाही त्याच कुळातला. तेव्हा ताईंच्या वडिलांना असे सांगता येईल, की शिवणारा टेलर कापतो आणि बँकेतला टेलर मोजतो. दोघांची गाठ इंग्रजीत कधी पडली नाही, ती आपल्या देवनागरीने घालून दिली.

देवनागरीने आणखीही घोटाळे केले आहेत. गिरणेच्या कालव्यावरचे शेतकरी ‘टेलपर्यंत पाणी पोहोचलेच नाही’ असे म्हणतात, तो टेल म्हणजे शेपूट. त्याचाही या क्रियापदाशी संबंध नाही. परंतु गोष्ट या अर्थाचा जो ‘टेल’ आहे, तो मात्र सख्खा भाऊ आहे. त्याचाही जुना अर्थ संख्या किंवा मोजदाद असा होता. १६११ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी बायबलमध्ये इजिप्तमधील वेठबिगारांनी रोज पाडायच्या विटांचा ‘टेल’ येतो; तेथे विटांची गोष्ट नाही, विटांचा ठरलेला आकडा आहे. आमच्याकडे वीटभट्टीवर हजाराच्या हिशेबाने मजुरी ठरते, तो आकडा त्या काळच्या इंग्रजीत टेल झाला असता. त्याच ग्रंथातील स्तोत्रात देव ताऱ्यांची संख्या ‘टेल’ करतो, म्हणजे तारे मोजतो.

मोजणे आणि कथन करणे यांचे हे नाते केवळ इंग्रजीत आहे असे नाही. जर्मन भाषेत ‘त्सेलेन’ म्हणजे मोजणे आणि ‘एरत्सेलेन’ म्हणजे गोष्ट सांगणे. डच भाषेत ‘टेलन’ म्हणजे मोजणे आणि ‘फरटेलन’ म्हणजे सांगणे. स्पॅनिशमध्ये तर ‘कोन्तार’ हे एकच क्रियापद दोन्ही कामे करते. इंग्रजीतील ‘अकाउंट’ शब्दातही हिशेब आणि हकिकत हे दोन्ही अर्थ शेजारी शेजारी नांदतात.

पण इतक्या लांब जाण्याची तरी काय गरज? आपल्या रोजच्या शब्दांत हेच घडले आहे आणि आपल्या ते ध्यानात येत नाही. संस्कृतमध्ये ‘ख्या’ हा धातू आहे. धातुपाठात त्याचा अर्थ ‘प्रकथने’, म्हणजे सांगणे, प्रकट करणे, असा दिलेला आहे. त्याला ‘आ’ हा उपसर्ग लागला की ‘आख्यान’ होते, जे कीर्तनकार उत्तररंगात सांगतात. ‘वि’ आणि ‘आ’ लागले की ‘व्याख्या’ आणि ‘व्याख्यान’. आणि त्याच धातूला ‘सम्’ हा उपसर्ग लागला की काय होते? ‘संख्या’! ज्या मुळातून आख्यान निघाले, त्याच मुळातून संख्या निघाली. इंग्रजांच्या टेलमध्ये मोजणी कशी शिरली, याचे नवल करणाऱ्याने आधी संख्येत कथन कसे शिरले, याचे नवल करावे.

आता सूत्राचा प्रश्न. मला ते असे दिसते, की ‘टेल’ या क्रियापदाच्या पोटात एकेक वस्तू सुटी करून, क्रमाने, पुढच्याच्या हवाली करण्याची कल्पना आहे. नोटा सुट्या केल्या तर ती मोजणी होते आणि घडलेल्या घटना सुट्या करून क्रमाने मांडल्या तर गोष्ट होते. दोन सारख्या दिसणाऱ्या वस्तू एकमेकींपासून सुट्या केल्या तर ती ओळख किंवा पारख ठरते. जुळ्यांचे वाक्य येथे बसते. ‘टेल ऑफ’ हा आजचा खरडपट्टी काढण्याचा प्रयोगदेखील मूळचा सैन्यातला आहे. रांगेतून माणसे मोजून वेगळी काढायची आणि त्यांना कामावर धाडायचे, याला ‘टेल ऑफ’ म्हणत. माळ जपण्याला इंग्रजीत ‘टेलिंग बीड्स’ म्हणतात, तेथे तर सूत्र अक्षरशः दोऱ्यात ओवलेले दिसते, कारण एकेक मणी बोटांतून पुढे सरकतो, मोजलाही जातो आणि त्याबरोबर नामही घेतले जाते.

‘अनटोल्ड वेल्थ’ म्हणजे अगणित, मोजदाद न झालेली संपत्ती. तरीही त्या आयकरवाल्या मुलाला शून्य देणे मला थोडे कठोर वाटते. ‘अनटोल्ड स्टोरी’ म्हणजे न सांगितलेली गोष्टच असते. त्याने शब्दाचा एक खरा अर्थ घेतला होता, फक्त जागा चुकली.


उत्तर : केळी उत्पादक, रावेर तालुका

आपल्या सर्वांची चर्चा वाचली. माझे शिक्षण कृषी पदविकेपर्यंतच झालेले आहे, त्यामुळे जर्मन आणि संस्कृतमध्ये मी पडत नाही. परंतु ओळखण्याचा जो अर्थ आहे, त्यावर बोलण्याचा अधिकार केळीच्या बागेत उभे राहणाऱ्या माणसाला थोडाफार आहे, असे मला वाटते.

निर्यातीचा माल घेण्यासाठी बाहेरगावचे लोक आमच्याकडे येतात आणि त्यांच्याशी तोडक्यामोडक्या इंग्रजीत बोलावे लागते. एकाने मला विचारले होते, ‘‘हाऊ कॅन यू टेल इट इज रेडी?’’ त्यावेळी मी मनात ‘तयार आहे हे तुम्ही कसे सांगू शकता’ असे भाषांतर केले आणि मला त्यात कोठेही अडखळायला झाले नाही. कारण आपणही असेच म्हणतो. ‘घड पाहून सांगता येते’, ‘पावसाचे काही सांगता येत नाही’, ‘त्या माणसाचे काय सांगावे’ या वाक्यांत सांगणे म्हणजे तोंडाने बोलणे नव्हे, तर कळणे आणि ओळखणे आहे. इंग्रजीत ‘देअर इज नो टेलिंग’ म्हणतात, ते तर शब्दाला शब्द ‘सांगता येत नाही’ हेच आहे. म्हणून ताईंनी मुलांना ‘टेल म्हणजे सांगणे नव्हे’ असे मुळीच शिकवू नये. ‘सांगता येणे’ हा प्रयोग हाताशी धरून शिकवावे. ‘या जुळ्यांतला कोण कोणता, ते मला सांगता येत नाही’ असे त्या मुलीने लिहिले असते, तर पूर्ण गुण द्यावे लागले असते.

घड तयार झाला हे कसे सांगता येते, तेही लिहितो. कोवळ्या केळाला कडा असतात. बोट फिरवले तर कंगोरा हाताला लागतो. फळ भरत गेले की त्या कडा बुजत जातात आणि केळ गोलाईला येते. लांबच्या बाजारात जाणारा माल थोडी कड शिल्लक असतानाच उतरवतात, जवळचा थोडा थांबवून. माझे वडील घडाच्या वरच्या फणीतील मधले एक केळ दोन बोटांत धरून नुसते फिरवतात आणि दिवस सांगतात. व्यापारी मात्र फण्या मोजतो. म्हणजे एकाच घडापाशी उभे राहून एक जण ओळखण्याच्या अर्थाने टेल करतो आणि दुसरा मोजण्याच्या अर्थाने.

‘टेल ऑन’विषयी. मे महिन्यात आमच्या भागात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. बागेभोवती शेवरीची किंवा उंच गवताची दाट कड लावलेली नसेल, तर उष्ण वाऱ्याने पानांच्या कडा करपतात आणि ऊन बागेला ‘लागले’ असे आम्ही म्हणतो. ‘द हीट बिगॅन टु टेल ऑन द प्लँट्स’ याला ‘उन्हाचा परिणाम झाडांवर दिसू लागला’ असे पुस्तकी भाषांतर होईलच, पण आमच्या शेतातले भाषांतर ‘ऊन झाडांना लागू लागले’ असे आहे आणि मला ते अधिक नेमके वाटते. परिणाम एका दिवसात होत नाही. एकेका दिवसाचे ऊन साठत जाते आणि मग एके सकाळी पान बोलते. जळगावच्या सरांनी जी एकेक करून मोजण्याची कल्पना मांडली, ती येथेही लागू पडते का, हे त्यांनीच पाहावे.

मोजण्यावरून आठवले. माझ्या लहानपणी खळ्यावर ज्वारीचे माप चाले तेव्हा मापाडी ‘एक’ असे कधीही म्हणत नसे. पहिल्या मापाला तो ‘लाभ’ म्हणे आणि पुढे दोन, तीन असे चढ्या आवाजात म्हणत जाई. माप पोत्यात पडेपर्यंत तो तोच आकडा सुरात घोळवत राही, म्हणजे पोते धरणाऱ्याला, मालकाला आणि कोपऱ्यात बसलेल्या बलुतेदारालाही तो ऐकू जाई. मोठ्याने न सांगितलेले माप कोणी धरतच नसे. रोखपाल साहेबांच्या वरिष्ठांचा दंडक वाचून मला तो आवाज आठवला.


उत्तर : स्पर्धा परीक्षा मार्गदर्शक, नंदुरबार

अर्थांची चर्चा उत्तम झाली, म्हणून मी केवळ चुकांकडे वळतो. ‘ही टोल्ड टू मी’ आणि ‘ही सेड मी’ या दोन चुका मी रोज तपासतो आणि माझे स्पष्ट मत असे आहे, की त्या निष्काळजीपणाच्या चुका नाहीत. त्या मराठीच्या घरातून आलेल्या आहेत. मराठीत ‘तो मला म्हणाला’ आणि ‘त्याने मला सांगितले’ या दोन्ही वाक्यांत ‘मला’ हे रूप तेच राहते. अहिराणी बोलणाऱ्या घरातील मूल ‘माले’ म्हणेल, पूर्वेकडे लेवा बोलीत ‘मले’ म्हणतील, पण त्या त्या बोलीत दोन्ही वाक्यांना प्रत्यय एकच राहतो. मग इंग्रजीत एका क्रियापदाला ‘टू’ हवा आणि दुसऱ्याला नको, हे त्या मुलाने कशाच्या आधारावर लक्षात ठेवायचे?

मी वर्गात असे सांगतो, की ‘से’ला शब्द हवे असतात आणि ‘टेल’ला माणूस हवा असतो. ‘से’ या क्रियापदाचे लक्ष तोंडातून काय बाहेर पडले याकडे असते. ऐकणारा कोण, हे त्याला सांगायचे असेल तर ‘टू’ची शिडी लावून त्याला आणावे लागते : ‘ही सेड टू मी’. ‘टेल’चे लक्ष माल कोणाच्या हवाली झाला याकडे असते, म्हणून माणूस क्रियापदाला चिकटून बसतो : ‘ही टोल्ड मी’. जळगावच्या सरांनी ‘पुढच्याच्या हवाली करणे’ असे जे म्हटले आहे, ते मी यापुढे माझ्या टिपणात बिनधास्त उचलणार आहे. माणसाशिवाय ‘टेल’ चालतो तो ठरावीक सोबत्यांबरोबर : ट्रुथ, लाय, स्टोरी, जोक, टाइम, डिफरन्स. यांतला ‘टाइम’ मुलांना नेहमी अडवतो; ‘ही कॅन टेल द टाइम’ म्हणजे त्याला घड्याळ कळते. आणि ‘लाय’ आपल्याला अडवतो, कारण आपण खोटे ‘बोलतो’, इंग्रज ते ‘टेल’ करतो. ‘ही स्पोक अ लाय’ असे लिहिणारे विद्यार्थी मराठीशी प्रामाणिक राहिलेले असतात.

‘टॉक’ आणि ‘स्पीक’ यांची भेसळ हा निराळा विषय आहे, त्यात आता शिरत नाही. एवढेच नोंदवतो, की ‘टॉक’ हाही टेलच्याच कुळातला मानतात, पण त्याने मोजणी सोडली आणि निव्वळ गप्पा धरल्या.

एक इशारा मात्र द्यावासा वाटतो, कारण त्याने परीक्षेतील गुण जात नाहीत, माणसांशी संबंध बिघडतात. ‘टेल समवन टु डू’ म्हणजे आज्ञा. मराठीत ‘साहेबांना यायला सांगा’ हे वाक्य नम्र असू शकते, कारण नम्रता ‘साहेबांना’ आणि ‘सांगा’ या रूपांत असते. इंग्रजीत ती रूपे नाहीत. त्यामुळे ‘टेल सर टु कम’ हे थेट हुकूम सोडल्यासारखे ऐकू येते. तेथे ‘आस्क’ हवे. ताई, आपल्याकडे शिक्षक विद्यार्थ्याच्या डायरीत ‘टेल युवर फादर टु मीट मी’ असे लाल शाईने लिहितात, ते पाहून एखाद्या पालकाला आपल्याला समन्स बजावल्यासारखे वाटले तर त्याचा दोष नाही. ‘बोलणे’ या मराठी क्रियापदातही असाच छुपा दात आहे. अहिराणीत पोरगे ‘माय माले बोलनी’ म्हणते, तेव्हा आईने गप्पा मारल्या असे कोणी समजत नाही, ती रागावली असेच सगळे समजतात.

आणि ‘यू आर टेलिंग मी!’ हा प्रयोग वर्गात अवश्य घ्या. व्याकरणाने तो साधा दिसतो, पण त्याचा सूर ‘माले काय सांगस!’ असा आहे. ज्याने ते स्वतः भोगले आहे, त्यालाच कोणी ते ऐकवायला गेले, की दोन्ही भाषांत हाच सूर लागतो. हे वाक्य मी फळ्यावर लिहिले की मागच्या बाकावरचे सुद्धा मान वर करतात.


पुन्हा : अमळनेरची इंग्रजी शिक्षिका

सर्वांचे मनःपूर्वक आभार. डायरीतील लाल शाईचा उल्लेख वाचून मी माझ्याच वर्गाच्या चार डायऱ्या उघडून पाहिल्या आणि चारही ठिकाणी माझ्याच अक्षरांत ‘टेल युवर फादर’ सापडले. यापुढे ‘आस्क’ लिहीन.

रावेरच्या दादांना एक विचारायचे आहे. ‘एके सकाळी पान बोलते’ असे आपण लिहिले आहे. तेथे इंग्रजी करायचे झाले तर ‘स्पीक्स’ घ्यावे की ‘टेल्स’? मला वाटते, ‘द लीफ टेल्स यू’ हेच बरोबर ठरेल, कारण पान शेतकऱ्यालाच उद्देशून काहीतरी हवाली करत असते. नंदुरबारच्या सरांचा नियम येथे तपासून पाहिला.

वडिलांना मी मोजणाऱ्या टेलरची हकिकत सांगितली. ती त्यांना पटली, परंतु मग पाटीवर सरळ ‘मापाडी’ असे का लिहीत नाहीत, असा त्यांचा पुढचा प्रश्न आहे आणि तो मी बँकेकडे नेणार नाही. ‘लाभ’चा उल्लेख वाचून दाखवल्यावर मात्र ते बराच वेळ त्यांच्या गावच्या खळ्याविषयी बोलत राहिले.

राहिला तो आयकरवाला मुलगा. सोमवारी उत्तरपत्रिका परत देताना त्याच्या शून्यावर अर्धा गुण करणार आहे. कंस मात्र खोडणार नाही.


उत्तर : केळी उत्पादक, रावेर तालुका

ताई, ‘टेल्स’च घ्या. पान शेजाऱ्याच्या बागेत बोलले तर ते आपल्याला कधी ऐकू येत नाही.